केळ्यांच्या गावात देवाला सफरचंद

फोन आला तेव्हा मी उडीद पाखडत होते. अक्काची धाकटी सून बोलत होती. "मावशी, सासूबाईंनी देव डब्यात घातले."

बिस्किटाचा पत्र्याचा डबा. बाळकृष्णापासून अन्नपूर्णेपर्यंत सगळे त्यात, आणि डबा माळ्यावर. अक्काचा थोरला मुलगा वारला त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून तिनं समई लावली नव्हती हे मला ठाऊक होतं. पण डबा म्हणजे हद्द झाली. सुपात उडीद तसाच टाकला आणि म्हटलं, येते.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. तिचा नवरा पेपर मिलमध्ये होता, म्हणून ती नेपानगरला. मला दिलं इकडे सावद्याला, केळीवाल्यांच्या घरात. दोघींचं माहेर बऱ्हाणपूर, बुधवारा. तिथं गल्लीतल्या कृष्णाच्या देवळात आत्यानं आम्हाला एक श्लोक शिकवला होता. अर्थ साधा. देव म्हणतो, भक्तीनं कोणी पान दिलं, फूल दिलं, फळ दिलं, नुसतं पाणी दिलं, तरी मी ते खातो.

मी दुसरीत असताना राज्यं नव्यानं मांडली. आमचं नागपूरशी कापलं, भोपाळशी जोडलं. आमच्या शाळेत मराठीचे मास्तर गेले, हिंदीचे गुरुजी आले, आणि वडील म्हणाले, पोरीला दोन-दोन भाषा कशाला, बस घरी. झालं माझं शिक्षण. पण श्लोक ना मराठी, ना हिंदी. त्याला कोणाच्या सरकारला हात लावता आला नाही. तो मी सासरी घेऊन आले. वादळानं केळी आडवी झाली त्या साली फळ नव्हतं, फाटकं पान होतं. पान वाहिलं. विहीर आटली त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी वाहिलं, तेही गढूळ. नवरा गेल्यावर दारातली तगर वाहिली. देवानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

आमच्याकडे घड कापला की पहिली फणी देवाची. ती पिशवीत घातली, ओलं फडकं गुंडाळलं आणि निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. सावद्याचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आधी सांगून ठेवा. सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट कमी, पण पाणी घरचं न्या. रावेर सुटलं की दोन्ही अंगांनी केळीच केळी. समोर एक बाई बसली होती, तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"अम्मा, बऱ्हाणपूरला केळी घेऊन चाललात? तिथं काय कमी आहेत?"

"पाव्हण्यांना नाही, बुधवाऱ्यातल्या देवाला आहेत."

"देवाचं तर आता काउंटरवर मिळतं ना." तिनं मान उडवली. मला तेव्हा काही उमजलं नाही.

बऱ्हाणपूर मागे टाकून गाडी चांदनीला थांबली ती मालगाडीला वाट देत थांबलीच. तिथं भजी चांगली मिळाली, चहा नका घेऊ. नेपानगरला उतरलं की झाडांचे सरळ रस्ते, मिलची क्वार्टरं. हे गाव मला आवडतं, कारण इथं कोणी उगाच वाकडं चालत नाही.

अक्का ओट्यावर बसली होती. वाळून काडी झालेली.

"कौशे, देवाचं बोलायचं असेल तर आल्या पावली जा."

"चहा तरी दे आधी."

चहा झाला. मग तीच बोलली. "तुझा देव म्हणतो पान, फूल, फळ, पाणी. एवढंच लागतं मला. आणि माझा मुलगा घेऊन गेला. खोटारडा."

  दुखवट्याला येऊन जे सांगत होते की देवालाही चांगली माणसं लागतात, त्यांच्या तोंडात चुलीतली राख घालावी असं मला वाटतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या बुधवाऱ्यात चल. देवळात नको येऊ, पायरीवर बस. माझ्या एकटीनं पायऱ्या होत नाहीत." हे खोटं होतं. माझे गुडघे तिच्यापेक्षा बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी दोघी बऱ्हाणपूरला उतरलो. स्टेशन लालबागेकडे, गाव लांब. सामायिक रिक्षावाला म्हाताऱ्या बघून दुप्पट मागतो, निम्म्यावर येतो. वाटेत मावा जिलेबी तळत होते. काळीभोर, जाडजूड, गरमच खावी. अक्कानं तुकडाही घेतला नाही.

आणि देऊळ. काय सांगू! आत्या जिथं सारवायची तिथं आता चकचकीत फरशी, एवढी गुळगुळीत की देवाचाही पाय घसरावा. दाराशेजारी संगमरवरात आमचाच श्लोक कोरलेला, आणि त्याच्या खाली देणगीदाराचं नाव, श्लोकाच्या दुप्पट अक्षरात. नावाच्या खाली पाटी: बाहर की सामग्री अंदर लाना मना है।

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोटसुट्या माणूस आडवा आला.

"अम्माजी, केला अंदर नहीं जाएगा। काउंटर से थाली लो।"

थाळी पाहिली. एकशे एक्कावन्न रुपये. प्लॅस्टिकमध्ये बंद चिरोंजीचे साखरदाणे, मनगटाला बांधायचा लाल नाडा, कापराची वडी आणि एक सफरचंद, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी. बऱ्हाणपुरात! जिथून केळ्यांचे ट्रक अर्ध्या हिंदुस्थानात जातात, तिथं देवाला डोंगरावरून आणलेलं सफरचंद!

"का रे बाबा, केळ्यानं काय घोडं मारलंय?"

"चींटी होती है। नियम है।"

"मुंग्याही त्याच्याच ना?"

"अम्माजी, लाइन मत रोको।"

मी भांडले. मला भांडता येतं, पण तो ऐकेना. मागं पाहिलं तर अक्का पायात चप्पल सरकवत होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "आता त्याला तुझं केळंही नको. चल घरी."  ही घरी गेली की तो डबा पुन्हा उघडणार नाही, हे मला दिसत होतं. आणि तिला तिथं आणलं होतं मीच.

तेवढ्यात तो माणूस हसून रांगेला म्हणाला, "पुराने लोग हैं, समझते नहीं।"

अक्का थबकली. एक पाय चपलेत, एक बाहेर. तिनं तो श्लोक म्हणायला सुरुवात केली. आवाज कसला, मिलचा भोंगा! आत्यानं शिकवला त्याच चालीत, एकही अक्षर न अडखळता.  श्लोक संपवून तिनं संगमरवराकडे बोट केलं.

"इसमें सेब कहाँ लिखा है? दिखा। रसीद कहाँ लिखी है? पढ़ा-लिखा है ना, दिखा।"

रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. माणूस पाटीकडे बघत राहिला. तरी त्यानं आत सोडलं नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल चमत्कार झाला.

अक्कानं चप्पल झटकली. माझ्या हातातली फणी ओढून घेतली, उंबऱ्याबाहेरच ठेवली, बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि गाभाऱ्याकडे बघून बोलली. मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"दिलं नव्हतं ते नेलंस. हे देतेय, हे तरी घे."

मग ती खालीच बसली. रडली नाही. जरा वेळानं फणीतलं एकेक केळं तोडून रांगेत वाटायला लागली. त्या माणसालाही दिलं. त्यानं इकडंतिकडं पाहून खिशात घातलं.

परत जाताना अक्कानं रिक्षा थांबवली आणि अर्धा किलो मावा जिलेबी घेतली. एक खाल्ली. "पहिल्यासारखी नाही," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नेपानगर स्टेशनावर गाडी सुटता सुटता तिनं माझ्या पिशवीत काहीतरी कोंबलं. "डबा परत पाठवू नकोस, मला लागणार नाही."

घरी येऊन उघडला. उरलेली मावा जिलेबी. बिस्किटाचा पत्र्याचा डबा तोच.

देऊळ पाहायला जाणार असाल तर जा, फरशी छान आहे. माझा राग अजून उतरलेला नाही आणि उतरू नये असंच मला वाटतं. जिलेबी नातवंडांनी संपवली. डबा घासून त्यात मी मोहरी भरलीय. अक्कानं उद्या परत मागितला तरी देणार नाही.