चौरंगावरची लढाई

नव्या युद्धनौकांच्या खरेदीविरुद्धचं हिंदी पत्रक मी लिहायचं, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात अक्षरओळखसुद्धा पत्रकांवरच झाली. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या मुन्शी घाटावर ते वाटायचं होतं. त्यात दादा सुट्टीवर आला. तो नौदलात आहे. वीस वर्षांनी युद्ध झालंच तर कोणती जहाजं हवीत, हे ठरवणाऱ्या दिल्लीच्या ऑफिसात.

"काय लिहिते आहेस, क्रांतिकारी?"

"तुमची जहाजं कशी बिनकामाची आहेत ते."

"मग दाखव ना बुडवून! आमच्या ऑफिसात लुटुपुटीच्या लढाईत कोणीतरी शत्रू होऊन खेळतं, त्यावरूनच पुढचं ठरतं. तू हो शत्रू."

त्याने चौरंगावर तांदूळ पसरले, त्यावर सुपाऱ्या मांडल्या. आई आतून ओरडली, "अरे, पूजेच्या आहेत त्या!"

"आई, नवग्रह चालतात, नौदल नाही चालत?"

मोठ्या सुपाऱ्या लढाऊ जहाजं, मागच्या बारीक सुपाऱ्या तेल पुरवणारी. मी मोठ्यांना हातच लावला नाही. बारीक तेवढ्या उचलल्या. त्याची सगळी ऐट तेलावाचून तांदळात जागच्या जागी अडकली.

"बुडालास!" मी टाळी वाजवून ओरडले. आई पदराला हात पुसत दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली.

बाबा खूश झाले. "हेच लिही. मोठी जहाजं निरुपयोगी!"

"मी पण हेच लिहिणार," दादा म्हणाला. "तेलाची जहाजं वाढवा. आणि त्यांच्या राखणीला आणखी लढाऊ जहाजं."

"म्हणजे माझ्यामुळे जहाजं वाढली?"

"खेळलीस पक्की, म्हणून."

"आणि युद्धच होऊ नये, अशी चाल नाही तुमच्यात?"

"हीच ती. समोरच्याला जिंकता येणार नाही असं वाटलं, की तो येत नाही."

"आणि तोही घरी बसून हेच म्हणत असेल तर?"

दादा सुपाऱ्या गोळा करत राहिला. "म्हणत असेलच," तो म्हणाला.

मी लिहायला बसले. 'ही जहाजं कोणासाठी?' हे लगेच उतरलं. पुढे काही सुचेना. मी उचललेल्या जहाजांवर माणसं असणार, हे मला खेळताना एकदाही आठवलं नव्हतं. मला, युद्धविरोधी घरात वाढलेल्या मुलीला. आणि दादाचं चुकत कुठे होतं, तेही सापडत नव्हतं.

"भूमिका बदलली?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"माहीत नाही, बाबा."

शेवटी त्यांनीच लिहून टाकलं. छान लिहिलं होतं. एकेक वाक्य मला पटत होतं. दुसऱ्या दिवशी घाटावर गठ्ठा घेऊन उभी राहिले. पहिल्याच माणसाने पायरीवर थांबून ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, "मतलब, नेवी चाहिए ही नहीं?"

"नेवी..." मी म्हटलं, आणि पुढचं पत्रक त्याच्या मागच्या बाईंच्या हातात दिलं.