दादाची सही

परदेशी कंपन्यांची ऑफिसं बडोद्यात उघडून देणं हा माझा पंचवीस वर्षांचा उद्योग. मी स्वतः काही मोठा माणूस नाही, सल्लागाराच्या ऑफिसात कागद तयार करणारा. पत्ता लागतो, त्या पत्त्यावर पाटी लागते, आणि इथे राहणारा निदान एक डायरेक्टर लागतो. हा शेवटचा माणूस मिळवणं सगळ्यात अवघड. साहेब लोक तिकडे, कायदा इकडे.

एका जर्मन कंपनीसाठी असाच माणूस मिळेना, तेव्हा मी दादाचं नाव दिलं. दादा माझा थोरला भाऊ, रासायनिक कारखान्यात मेंटेनन्सला होता, निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरलेला. दांडिया बाजारातल्या त्याच्या घरी फराळाला गेलो होतो, तिथेच कागद पुढे केले.

"वाचायचं का?" त्याने विचारलं.

"तुझी मर्जी. नुसतं नाव हवंय, दादा."

"तू आणलंस ना? मग झालं." चकलीचा हात धोतराच्या सोग्याला पुसून त्याने सह्या केल्या.

त्याला मेल बघता येत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे ईमेल माझा लिहिला. त्याची डिजिटल सही, ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली. हे आमच्याकडे सगळे करतात. सगळे करतात हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

निजामपुऱ्यात एका दुकानावरची खोली घेतली. डायरेक्टर ऑफिसात बसलेला दिसेल असा फोटो सरकारला द्यावा लागायचा. दादाने माझा टाय लावला आणि खुर्चीत ताठ बसला. तो फोटो वहिनीने मोठा करून शोकेसमध्ये ठेवला. "चला डायरेक्टरसाहेब, दूध आणा आता," असं ती रोज सकाळी म्हणायची, आणि दादा पिशवी घेऊन निघायचा, खूश होऊन.

दोन वर्षांत जर्मन मंडळींचा बेत बदलला. उत्तरं थांबली, खोली सोडली. माझे वरिष्ठ म्हणाले, ती फाइल राहू दे. मी राहू दिली. दादाचा राजीनामा दाखल करायला एक फॉर्म पुरे होता, फार तर अर्ध्या तासाचं काम. आज करू, उद्या करू. कंपनीची वार्षिक विवरणं भरली गेली नाहीत. नोटिसा यायच्या त्या माझ्या मेलवर. पहिली वाचली. पुढच्या न उघडता एका फोल्डरमध्ये टाकल्या. तीन वर्षं विवरण नाही म्हणजे डायरेक्टर अपात्र, पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कंपनीत डायरेक्टर होता येत नाही, हे मला पाठ होतं. लोकांना मीच समजावून सांगायचो.

निवृत्त झाल्यावर दादाने कारखान्यातल्या दोन गुजराती सोबत्यांबरोबर छाणीला शेड घेतली. पंप दुरुस्तीची कंपनी काढायची होती. कंपनीचं नाव दादानेच सुचवलेलं. फॉर्म त्यांनी दुसऱ्या कुणाकडून भरला, मला त्रास नको म्हणून. तो परत आला. डायरेक्टर अपात्र.

दादा कागद घेऊन माझ्याकडे आला. "बघ रे, काय लिहिलंय हे?"

मी चष्मा लावला, कागद नीट वाचल्यासारखं केलं. "सरकारी गोंधळ आहे, दादा. नावात नाव मिसळलं असेल."

"निस्तरेल?"

"वेळ लागेल."

त्याने मान हलवली. कंपनी त्या दोघांच्या नावावर झाली. दादा तिथे रोज जातो, हत्यारं सांभाळतो. शोकेसमधला फोटो कधीतरी गेला. मी विचारलं नाही.

दीड वर्षाने, गेल्या महिन्यात, मी ती डिजिटल सही खिशात घालून त्याच्याकडे गेलो. का गेलो हे नीट सांगता येत नाही. झोप उडाली होती वगैरे काही नाही, चांगला झोपत होतो. त्याचीच लाज वाटली असेल. सगळं सांगितलं, नोटिसांच्या फोल्डरसकट. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. चहा आला नाही.

दादाने ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "चालते अजून?"

"नाही. मुदत संपली."

ती त्याने टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "त्या दोघांना वाटतंय मी कारखान्यात काहीतरी भानगड केली होती. तोंडावर बोलत नाहीत. पण शेडमधल्या हत्यारांच्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडे नसते."

हे मला माहीत नव्हतं.

"मला सांगितलंस ते ठीक. त्यांना सांग. मी सांगितलं तर सारवासारव वाटेल."

सोमवारी छाणीला गेलो. दादा कोपऱ्यात नटबोल्टचे पाने पुसत होता, माझ्याकडे बघितलं नाही. मी गुजरातीत बोललो. 'भूल मारी हती,' चूक माझी होती, एवढं म्हणायला स्कूटरवर सगळी वाट सराव केला होता. तरी वाक्य मधेच अडलं, पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

दोघांपैकी थोरल्याने मशीन बंद केलं. "एटले अमे आटला वखत..." तो दादाकडे बघत म्हणाला. म्हणजे आम्ही इतके दिवस. खिशातून किल्ली काढून त्याने दादाच्या समोर, पान्यांच्या शेजारी ठेवली.

दादाने हातातला पाना पुसून पुरा केला. मग किल्ली उचलली.

मला कुणी बसा म्हणालं नाही.