कार्ड, घरघंटी आणि पाच वेळा ‘का’

तारीख सात, रविवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण पुनावळ्यातला आमचा फ्लॅट, जेवणाचं टेबल. हजर: मी, बायको, अकरावीतली मुलगी. आई हजर होती, पण शेंगा फोडत होती, म्हणून तिची नोंद निरीक्षक अशी केली. गैरहजर कुणी नाही. विषय: क्रेडिट कार्ड घेऊन वर्ष झालं, तरी घरघंटी का आली नाही?

असं लिहून ठेवायची सवय मला नोकरीने लावली. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. तिथे मीटिंगला कोण होतं, काय ठरलं आणि काय राहिलं, हे लिहिल्याशिवाय चहासुद्धा येत नाही.

कार्ड घ्यायची कल्पना माझीच. घरचा सगळा खर्च एका कार्डावर केला की महिन्याच्या शेवटी एकच कागद येतो आणि पैसा कुठे गेला ते दिसतं, असं मी बायकोला पटवलं होतं. वर कॅशबॅक मिळतो.

“आणि त्या वाचलेल्या पैशाचं काय करणार?” तिने विचारलं होतं.

“तुझी घरघंटी.”

घरघंटी, म्हणजे घरच्या घरी पीठ दळायची चक्की, ती तीन वर्षं मागत होती. कोपऱ्यावरच्या गिरणीत तिच्या भाजणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू यायचा. शिवाय तिला भाजणीचं पीठ विकायचं होतं. सोसायटीतल्या आठ बायकांची नावं तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली होती. त्यातल्या दोघी वाट बघून कुरुळीला राहायला गेल्या, त्यांची नावं तिने खोडली नव्हती.

मी कार्ड नियमाने वापरलं, हे सांगायलाच हवं. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी पूर्ण बिल भरायचो. ‘किमान रक्कम’ भरून उरलेलं पुढे ढकलणं एकदाही नाही. कार्डावर रोख काढणं नाही. वर्षभरात व्याजाचा एक रुपया लागला नाही. म्हणजे माझ्या मते पद्धत पक्की होती. गळती असणार तर स्वयंपाकघरात.

आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा ‘का’ विचारतात, म्हणजे मूळ कारण सापडतं. त्याचा छापील तक्ता असतो. मी तो घरासाठी बनवला आणि तीन प्रती काढल्या. बारा महिन्यांची स्टेटमेंटं टेबलावर ठेवली. मुलीला दोन मार्कर दिले. गरजेचं ते पिवळं, टाळता आलं असतं ते गुलाबी.

“किराणा,” ती वाचत गेली. “पिवळा. गॅस, पिवळा. आजीच्या बीपीच्या गोळ्या, पिवळा. माझी फी?”

“पिवळी,” बायको म्हणाली. “निकालावर बघू.”

“चाळणी, तीनशे चाळीस.”

“घरात दोन चाळण्या आहेत,” मी म्हणालो. “गुलाबी.”

“पिठाची आहे ती. घरघंटी येणार म्हणून घेतली होती.”

मुलगी मार्कर हातात धरून थांबली. मग तिने चाळणी पिवळी केली आणि पान उलटलं.

“फरशी पुसायचं लिक्विड, पाच लिटरचे चार कॅन?”

“त्यावर दहा टक्के सूट होती,” मी म्हणालो.

“लेबल छापायचं मशीन?”

“डब्यांवर नावं घालायला.”

“डबे काचेचे आहेत,” बायको म्हणाली. “आतलं दिसतं.”

पुढची चार पानं गुलाबीच निघाली. गाडीत बसवायचा कॅमेरा, पान्यांचा दुसरा सेट, कारण पहिल्यावर ऑफर नव्हती. पेट्रोलही आलंच. तिथे कार्डावरचा सरचार्ज माफ होतो म्हणून मी वाटेतले तीन पंप सोडून देहूरोडला जायचो. त्या जाण्यायेण्याचं पेट्रोल कुठल्या रंगात धरायचं, हे मुलीने विचारलं. मी पुढे चल म्हणालो.

बेरीज झाली. गुलाबी तेवीस हजार आठशे. घरघंटीची किंमत साडेएकवीस हजार.

“घरघंटी येऊन वर ज्वारीचा एक कट्टा आला असता,” आई म्हणाली. शेंगा फोडता फोडता तिचा हिशोब झाला होता. “काय करायलास रे तू वर्षभर?”

मी मीटिंग रुळावर आणली. तक्ता भरायला घेतला, मुलगी विचारत गेली.

पैसे का साठले नाहीत? कारण कॅशबॅक परस्पर बिलातून वजा व्हायचा, बाजूला कधी निघालाच नाही. का नाही काढला? कारण बिल कमी दिसलं की मला वाटायचं, या महिन्यात जागा आहे. जागा लगेच का भरली? कारण ऑफर संपत होती. ऑफर का घेतली? कारण सामान बाराशेचं होतं आणि सूट दीड हजारांवर होती.

पाचवा ‘का’ विचारायच्या आधी ती तक्त्याच्या शेवटच्या रकान्याकडे बघत राहिली.

“बाबा, ‘जबाबदार व्यक्ती’मध्ये आईचं नाव आधीच छापलंय.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

“तो जुना नमुना आहे,” मी म्हणालो. घरात दुसरा नमुना कधी नव्हताच.

बायकोने तक्ता घेतला, शांतपणे वाचला. “छपाई छान आलीय,” म्हणाली. मग पेनने स्वतःचं नाव एका रेघेत खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘अहो’.

तेवढ्यावर तिने भांडण संपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने हात पुढे केला. “कार्ड.”

मी दिलं. बँकेच्या नियमाप्रमाणे माझ्याच खात्यावर तिच्या नावाचं जोडकार्ड महिन्याभरात आलं आणि माझं मूळ कार्ड मसाल्याच्या डब्याखाली गेलं. बिल भरायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं, कारण ते मी नीट करतो हे तिनेही मान्य केलं.

तिची पद्धत तक्त्यात बसत नाही. घ्यायची वस्तू ती फोनवर टाकून ठेवते आणि पुढच्या रविवारी परत बघते. निम्म्या वस्तू कशाला हव्या होत्या तेच तिला आठवत नाही. बिलातून जेवढा कॅशबॅक वजा होतो, तेवढे पैसे त्याच दिवशी ती वेगळ्या खात्यात टाकते. माझे गुलाबी खर्च बंद झाल्याने वाचलेलंही तिथेच. मी वर्षभर कार्डाकडून ज्या बचतीची वाट बघितली, ती तिने हाताने बाजूला काढली. दहाव्या महिन्यात घरघंटी आली. त्या दिवशी कार्डावर दोन हजारांची सूट होती आणि बिल भरायला खात्यात पूर्ण पैसे होते.

चक्की ड्राय बाल्कनीत ठेवली आहे. तिथे प्लगचा पॉइंट एकच आणि तो वॉशिंग मशीनचा, म्हणून घरात एक दिवस कपडे आणि एक दिवस पीठ. चक्कीला वेगळा पॉइंट काढायचं काम पुढच्या मीटिंगमध्ये माझ्यावर आलं. मी तीन इलेक्ट्रिशियनकडून दर घेतले. तिघांचे सारखेच.

“साहेब, रोख द्या नाहीतर स्कॅन करा,” तिसरा म्हणाला. “कार्ड कोण घेतं वायरिंगला?”

घेणारा मोशीत एक आहे म्हणतात. मी त्याचा नंबर मागितला आहे.

“अहो, भाजणीच्या चार ऑर्डरी आहेत,” बायको सकाळीच म्हणाली, “आणि आज कपड्यांचा वार आहे.”

राहिलेलं काम: ड्राय बाल्कनीत दुसरा पॉइंट. जबाबदार: अहो. तारीख तीनदा खोडलेली, चौथी अजून लिहायची आहे.