कचारगडचा गोटा आणि पर्थची लेक

"आई, घर घेतलं," मुक्ता फोनवर म्हणाली. "आता तू नागपूरचा फ्लॅट काढून टाक आणि इकडे ये. कायमची."

मुक्ता माझी एकुलती एक लेक. ऑस्ट्रेलियात पर्थला असते, खाणीच्या कंपनीत भूशास्त्रज्ञ आहे. मी म्हटलं, "अगं बाई, दाणे भाजायला ठेवलेत, जळतील!" आणि फोन ठेवून दिला. दाणेबिणे काही नव्हते. आठवड्याभरानं तिनं पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मी म्हटलं, "आधी दरेकसाला जाऊन येते, मग सांगते."

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडचं जंगलातलं गाव. मुक्ता कॉलेजच्या सहलीला तिथे गेली आणि तिथल्या कचारगडच्या गुहेतल्या दगडांवर अशी काही भाळली की घरी येऊन चार दिवस दुसरं बोलेना. "आई, तुला एकदा नेतेच," म्हणायची. नेणं राहून गेलं आणि ती उडाली. आता मी एकटी निघाले म्हटल्यावर तिनं फर्माईश केली: "तिथल्या खडकाचा एक तुकडा आण. माझ्या नव्या टेबलावर ठेवीन."

नागपूरहून गोंदियाला सकाळची कुठलीही गाडी पकडा, दोन-अडीच तासांत पोचाल. डिसेंबर होता. खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, मध्येच एखादा बोडी-तलाव. गोंदिया स्टेशनात उतरलं की मराठी जरा मागे पडते. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, कचारगढ? अभी तो यात्रा का टाइम नहीं है, वहाँ क्या मिलेगा?" मी म्हटलं, "पत्थर." त्यानं आरशातून मला दोनदा बघून घेतलं. पहिला दिवस मी गावातच काढला. स्टेशनजवळ साधी लॉज मिळतात, पण खोली बघितल्याशिवाय हो म्हणू नका. संध्याकाळी जवळच नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरात जाऊन बसले. शेजारी एक बाई लेकीला हात धरून पायऱ्या चढवत होती. मला तिचा भयंकर हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दरेकसाची पॅसेंजर. एक्स्प्रेस गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा आणि पाणी भरून घ्या. गाडीत मी मुक्तानं पाठवलेला व्हॉइस मेसेज लावला.

"आई, जमीन म्हणजे गरम दुधावरची साय समज. तिचे मोठेमोठे तुकडे आहेत आणि ते हळूहळू सरकतात. एके काळी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, अंटार्क्टिका सगळे गोंडवाना नावाच्या एकाच खंडात होते. माझ्या पर्थचा किनारा भारताच्या कडेला लागून होता. मग फाटलं. भारत उत्तरेला गेला आणि आशियावर आपटला. ती कड आज हिमालयाच्या खाली दबलीय. अजून ढकलाढकली चालूच आहे, म्हणून हिमालय अजून वर येतोय. मागून आमचा ऑस्ट्रेलियाही येतोय, तुमच्यापेक्षा जरा जास्त वेगानं."

मी लगेच उलट फोन लावला. "म्हणजे पर्थ आपल्याकडे येऊन राहिलं?"

"अगं, वर्षाला बोटाच्या पेराएवढंही नाही!" ती हसत सुटली.

तेवढ्यावरसुद्धा मी खूश झाले. समोरच्या आजोबांनी विचारलं, "कोन येऊन राह्यलं जी?" मी म्हटलं, "पोरगी." म्हणाले, "वा, वा."

दरेकसाहून रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा आणि परतीचंही बोलून ठेवा. वाटेत हाजरा फॉल लागतो. डिसेंबरात पाणी बारीक झालेलं असतं, पण थांबा जरूर. कचारगडच्या पायथ्याशी सुकवाराबाई भेटल्या. गोंड बाई, माझ्याच वयाच्या. त्यांचं नारळ-उदबत्तीचं छोटं दुकान आहे, सांगितलं तर जेवणही करून देतात. भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी सांगून ठेवली, तर म्हणाल्या, "एकट्या काऊन जाता? चला, मी येतो." दुकान तसंच उघडं टाकून निघाल्या.

चढ फार नाही, पण माझे गुडघे कुरकुरले. वर गुहा उघडली आणि मी "बाप्पा!" म्हणून तिथेच थबकले. एवढी प्रचंड, आणि वरच्या भगदाडातून खाली येणारं ऊन. हा ज्वालामुखीचा खडक आहे, दोनशे कोटी वर्षांहून जुना. ते खंड जुळायच्या कितीतरी आधीचा, आणि मग त्यांच्याबरोबर फिरत इथवर आलेला. भिंतीला हात लावला तर गार लागली. मुक्तानं कुठे हात लावला असेल, हे मी वेड्यासारखी शोधत बसले.

सुकवाराबाई सांगू लागल्या. "आमच्यात सांगतेत, देवाची पोरं या गुहेत कोंडली होती. तोंडाशी एवढा मोठा गोटा. माय बाहेर रडून राह्यली. मंग गोटा सरकवला अन् पोरं सुटली."

"मग आईकडे आली?"

"आईकडे कायले? मोठी झाली ना. चारी दिशेनं गेली, त्यायचीच आमी कुळं. पण माघ पुनवेले सारे येतेत इथं. लय दुरून येतेत."

उगाच विषय बदलायला म्हटलं, "माझी मुलगी सांगते, फार फार पूर्वी गोंडवाना एकच होता. मग तो तुटला."

त्या एकदम उसळल्या. "कोनं तोडला? आमी तं इथंच आहो!"

आता आली का पंचाईत! मी घाईघाईनं सांगितलं की साहेब लोकांनी त्या जुन्या खंडाला तुमच्याच मुलखाचं नाव दिलं, त्याचे तुकडे होऊन लांब लांब गेले, आणि त्यातल्या एका तुकड्यावर माझी लेक राहते. त्यांनी जरा विचार केला.

"म्हणजे तुमची पोरगी गोंडवान्यातच हाय म्हना."

मला हसू आलं आणि रडूही आलं. पदरानं तोंड पुसलं आणि खाली वाकून मुठीत मावेल असा एक तुकडा उचलला. सुकवाराबाईंनी माझं मनगट धरलं.

"इथला गोटा नोका नेऊ, बाई."

"पोरीसाठी हवाय हो. तिनं मागितलाय."

"मंग पोरीलेच आना ना. गोटा नेला तं ते कायले येईन?"

मी तुकडा जिथला तिथे ठेवला. खाली आल्यावर त्यांनी चूल पेटवली आणि आम्ही जेवलो. दोनदा भात घेतला. त्यांनी भाताचे पैसे घेतले, बरोबर आलेल्याचे मात्र काही केल्या घेतले नाहीत.

नागपूरला घरी पोचले, पाय गरम पाण्यात सोडले आणि मुक्ताला फोन लावला.

"मिळाला तुकडा?"

"नाही आणला." मी सगळं सांगितलं.

"आणि फ्लॅटचं, आई?"

गाडीत मी हे वाक्य दहादा घोकलं होतं. "येईन गं. दोन महिने राहीन, तुझं घर डोळे भरून बघीन. तुझ्या त्या किनाऱ्यावर उभी राहीन, जिथे आपण लागून होतो. पण कायमची नाही येणार. तुझ्याशिवाय करमत नाही, रोज आठवण येते, ते खरंच आहे. पण मी इथून उठून आले, तर तू कोणाकडे येशील?"

मी पाण्यातून पाय बाहेर काढले.

"आई," ती म्हणाली, "माघ पौर्णिमा कधी आहे गं?"

"थांब," मी म्हटलं आणि ओल्याच पायांनी कॅलेंडरकडे निघाले. "चष्मा घेते."