सोळा पावलं, अठ्ठावीस गोळ्या

आमच्या वॉर्डात सुई कापायचं कटर एकच, दारापाशी टेबलावर. शेवटच्या खाटेपासून तिथपर्यंत माझी सोळा पावलं. खाटांच्या मधे डोंगरातून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक खाली बसलेले, लेकरं निजलेली. त्यांच्यातून उघडी सुई नेण्यापेक्षा आम्ही नर्सेस तिला टोपण घालतो. घालू नये, हे नव्या मुलींना वीस वर्षं मीच सांगत आले.

त्या दुपारी डोंगरातल्या मोलगीकडच्या एका बाईला इंजेक्शन दिलं आणि टोपण घालताना सुई डाव्या बोटात गेली. हात धुतला, डॉक्टरांना सांगितलं. बाईची एचआयव्ही तपासणी करायची ठरली. तोवर खाट रिकामी. ताप उतरला होता, जीप भरत आली होती, नवरा तिला घेऊन गेला. केसपेपरवरचा नंबर जीपवाल्याचाच निघाला. ती कुठे उतरली, ते त्याला सांगता आलं नाही.

म्हणून लागण रोखायचं औषध मला. रोज एक गोळी, अठ्ठावीस दिवस. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. पहिली गोळी दीड तासाच्या आत घेतली. वेळ लिहून ठेवली.

नवऱ्याला सांगितलं. त्याने फक्त किती दिवस, एवढंच विचारलं. त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत मी टाकलं की त्याने नेलं, हे मात्र आठवत नाही.

सासूबाईंना मी कॅल्शियमच्या गोळ्या आहेत म्हणाले. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"माले बी दे वं एक. मन्हा गुडघा दुखी ऱ्हायनात."

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी खऱ्या कॅल्शियमच्या तीस आणल्या. मग रोज जेवणानंतर आम्ही दोघी एकाच तांब्यातलं पाणी ओतून गोळ्या घ्यायचो. मला मळमळायचं. तुझी गोळी मोठी, नोकरीवाली ना तू, असं त्या ऐकवायच्या.

तीन महिन्यांचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. नाव, वय, नंबर दोनदा ताडून पाहिले. बरं वाटेल अशी वाट पाहिली. काही वाटलं नाही. घरी नवऱ्याने चष्मा लावून तो वाचला आणि अंथरूण आत आणलं.

सासूबाई बघत होत्या. माझ्या गोळ्या संपून दोन महिने झाले होते, त्यांच्या मी आणतच होते.

"तुन्ह्या गोया तं कवयन्याच बंद व्हयन्यात. फरक पडना का?"

"हो, पडना," मी म्हणाले.

"मंग मन्ह्या चालू ऱ्हाऊ दे."