उजव्या टेबलावरचं पाणी

रोपवाटिकेत त्यांना सगळे झारीकाका म्हणत. एकतीस वर्षं झारी एकाच हातात, त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. बायको म्हणे, "झाडांशी बोलता त्याच्या निम्मं माझ्याशी बोललात तर मलाही पालवी फुटेल." यावर काका काही बोलत नसत, म्हणजे तिचं म्हणणं खरंच होतं.

संशोधक बाईंनी काचघरात दोन टेबलं मांडली. झाड असं, की चार वर्षांत गुडघ्याला लागलं तर नशीब. बी काकांनीच पेरलेलं. उगवायलाच आठ महिने लागले होते. डाव्या टेबलाला रोज पाणी, उजव्याला बारा दिवसांतून एकदा.

"तहान लागली की रोप वर वाढायचं थांबतं आणि मूळ खोल पाठवतं," बाई म्हणाल्या. "कुठवर तग धरतं ते बघायचंय."

काकांनी मान डोलावली. त्यांना सगळं समजलं होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं नाही.

नवव्या दिवशी उजव्या टेबलावरची पानं कडेने वळली. त्या दिवसापासून बाई जेवायला गेल्या की काका प्रत्येक कुंडीत अर्धी वाटी पाणी सोडू लागले. वाटी धुऊन, पुसून जागेवर ठेवत. गुन्ह्यातही टापटीप सुटली नाही.

सात महिन्यांनी बाईंचा अहवाल झाला: रोपं विलक्षण चिवट. वरच्यांनी तो वाचून समोरच्या उघड्या टेकडीवर याच जातीची चारशे रोपं लावायचं ठरवलं. प्रत्येकाला चिठ्ठी: पाणी बारा दिवसांनी. चिठ्ठ्या बांधायचं काम अर्थातच काकांकडे आलं. एकशे सदतीस बांधून झाल्यावर त्यांनी दोरा खाली ठेवला आणि ते बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, उजव्या टेबलाला मी पाणी घालत होतो."

"किती दिवस?"

"किती दिवस नाही घातलं ते विचारा. पहिले आठ."

बाईंनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या उठल्या, काचघरात जाऊन त्यांनी उजवीकडचं एक रोप उपटलं, माती झटकली. मूळ वरच्या वरच वेटोळं घालून बसलेलं. खाली जायची त्याला गरजच पडली नव्हती.

"मी रोज या कुंड्या तोलायचे, तर वजन जास्त भरायचं," त्या मुळाकडेच बघत म्हणाल्या. "मी वजनकाटा दोनदा दुरुस्तीला पाठवला. दुरुस्तीवाला म्हणाला काटा बरोबर आहे, तर त्यालाच चार शब्द सुनावले. तुमचं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही, काका."

रोपं टेकडीवर गेली नाहीत. बाईंनी अहवाल मागे घेतला. त्यासाठी वर पाठवलेल्या पत्रात 'पाणी देण्यात चूक झाली' एवढंच होतं. काकांनी ते तीनदा वाचलं, आपला उल्लेख कुठे सापडतो का ते बघायला. सापडला नाही.

मग नवी रोपं, तीच दोन टेबलं.

"काचघराला कुलूप लावा," काका म्हणाले. "किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

"कशाला? तुम्ही आहात ना."

हा टोमणा होता की विश्वास, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. हल्ली दुपारी ते काचघराच्या पायरीवर, काचेकडे पाठ करून बसतात, समोर झारी उपडी. नवव्या दिवशी आतली पानं वळली असणार, हे त्यांना मागे न बघताच कळलं. बाराव्याला अजून तीन दिवस होते.