सिनेमातला सारस परत आला

मंडळी, आज दुपारी माझ्या सहा वर्षांच्या पोट्टीला, मिनीला, सिनेमा दाखवायला नेलं. तिच्या लाडक्या चित्रांच्या पुस्तकावरून काढलेला.

पुस्तकात म्हातारा सारस मरतो. शेवटच्या पानावर नुसतं तळं आहे, आणि पिल्लं त्याच्याशिवाय उडायला लागतात. दिवाळीनंतर माझे बाबा, म्हणजे मिनीचे आबा, गेले, तेव्हा तेच पान रोज वाचून मी मिनीला समजावलं होतं. हळूहळू तिचं विचारणं थांबलं.

सिनेमात मात्र सारस शेवटी परत आला. गाणं, नाच, सगळं झालं. मिनीने टाळ्या पिटल्या. माझ्याच्याने बसवत नव्हतं.

येताना सदर बाजारच्या गर्दीत ती स्कूटीवर मागून म्हणाली, "मम्मी, आबा भी आएंगे ना?"

"नाही ग बाई. पुस्तकात काय झालं होतं, आठवते ना तुले?"

"वो किताब झूठी है."

घरी आल्यापासून ती दारात बसली आहे. "काय करून राहिली?" विचारलं, तर म्हणते, "आबा का रास्ता देख रही हूँ."

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्याजवळ पुस्तक तरी होतं. तुमच्यापैकी कोणी लेकराला हे दुसऱ्यांदा सांगितलंय का? कसं सांगितलं?